दहावीनंतर ट्रक-बस मेकॅनिक व्हायचंय: पावणेतीन लाखांचा कोर्स की आयटीआय?

प्रश्न: माझा मुलगा यंदा दहावी पास झाला, ५८ टक्के. मार्चमध्ये त्याला सोळा पूर्ण झाली. लहानपणापासून गाड्यांचं वेड आहे, ट्रक-बसचा मेकॅनिकच व्हायचं म्हणतो. पुण्यात एका खासगी संस्थेत हेवी व्हेईकलचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी १,८०,००० आणि खोली-मेस महिन्याला ८,०००. तिथेच फायनान्स कंपनीचा माणूस बसतो. १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं, हप्ता ६,८००, पुढच्या महिन्यापासून सुरू. कोर्स संपला की २२,००० ची नोकरी नक्की, असं सांगतात. मिस्टर दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, २०,००० मिळतात. माझे शिवणकामाचे ६,००० येतात. डोक्यावर कर्ज नाही. मुलगी आठवीत आहे, तिच्यासाठी १,६०,००० ची एफडी ठेवली आहे. मिस्टर म्हणतात, मुलींची फी आता सरकारच भरतं, तर एफडी मोडू. माझा भाऊ म्हणतो, आयटीआयला घाल. सीट अडवायला आम्ही ५,००० भरले आहेत. काय करावं?
(सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर:

ताई, आधी मुलाबद्दल बोलते. त्याने निवडलेलं काम चांगलं आहे. ‘मार्क कमी पडले म्हणून गॅरेजला गेला’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या कडक नियमांच्या बीएस-६ गाड्या आल्या आणि या कामाचं स्वरूपच बदललं. माझे एक अशील सोलापूर-हैदराबाद मार्गावर ट्रक चालवतात. त्यांची एक गाडी घाटात रांगायला लागली. ओळखीच्या मेस्त्रींनी फिल्टर बदलला, मग डिझेल पंप उतरवला, तरी गाडी काही ओढेना. शेवटी स्कॅनर लावणाऱ्या एका तरुण पोराने मल्टीमीटर घेऊन सायलेन्सरजवळच्या सेन्सरची वायर तपासली. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. धूर साफ करणारी यंत्रणा नीट चालत नाही असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटलं, की तो इंजिनची ताकद आपणहून उतरवतो. पंपाला काहीच झालं नव्हतं. पाना चालवणारे हात आणि वायरिंग वाचणारं डोकं, दोन्ही असलेली माणसं वाहतूकदारांना शोधून सापडत नाहीत. तुमचा मुलगा त्यांच्यातला एक होऊ शकतो.

म्हणजे प्रश्न धंद्याचा नाही. तो शिकायला आज किती पैसे मोजायचे आणि ते कुणाच्या खिशातून, एवढाच प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट सांगते: हे कर्ज घेऊ नका, एफडी मोडू नका, आणि मुलाला दोन वर्षांच्या आयटीआयला घाला. असं का म्हणते, ते आकड्यांत दाखवते.

‘१२ टक्के फ्लॅट’ म्हणजे तीनही वर्षं पूर्ण १,८०,००० वर व्याज. दर महिन्याला मुद्दल फिटत असलं तरी व्याज कमी होत नाही. व्याज होतं ६४,८०० आणि एकूण फेड २,४४,८००. बँकेसारखं घटत्या शिलकीवर १२ टक्के असतं, तर हप्ता ६,००० च्या आत आला असता आणि व्याज ३५,००० च्या आसपास. तुम्हाला मिळणाऱ्या कर्जाचा खरा दर २१ टक्क्यांच्या घरात जातो, आणि प्रोसेसिंग फी कापली तर त्याहूनही वर. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा प्रत्येक कर्जासाठी ‘केएफएस’ नावाचा कागद देणं सक्तीचं केलं आहे. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. त्या माणसाकडे हा कागद मागा. मुलगा सज्ञान नाही, त्यामुळे सही तुमची किंवा मिस्टरांची लागणार. हप्ता चुकला तर सिबिलही तुमचंच बिघडणार.

पहिलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. हप्ता ६,८०० आणि खोली-मेस ८,०००, म्हणजे महिन्याला १४,८००. तुमच्या घरात येतात २६,०००. उरलेल्या ११,२०० मध्ये तीन माणसांचं खाणं, वीज, गॅस, मुलीची शाळा, औषधपाणी. मिस्टर पंधरा दिवस आजारी पडले तर? ड्रायव्हरचा पगार गाडी फिरली तरच येतो. हे गणित कागदावरसुद्धा बसत नाही.

आता समजा, कसंबसं निभावलं. तीन वर्षांनी दोन्ही वाटांवर घर कुठे उभं असेल? खासगी वाटेवर कर्जफेड २,४४,८०० आणि पहिल्या वर्षाची खोली-मेस ९६,०००, मिळून ३,४०,८००. मग दोन वर्षं नोकरी. हातात १५,००० आणि पुण्यात राहण्या-खाण्याचा खर्च ९,००० धरला, तर दोन वर्षांत १,४४,००० शिल्लक पडतात. तरीही घर जवळजवळ १,९७,००० ने खड्ड्यात. आयटीआयच्या वाटेवर फी, पास, पुस्तकं, गणवेश, हत्यारं मिळून दोन वर्षांचे मी सढळ हाताने ५०,००० धरते. तिसऱ्या वर्षी अप्रेंटिसशिप. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या मुलासाठी महिन्याला किमान ७,००० विद्यावेतन ठरवलं आहे, म्हणजे वर्षाचे ८४,०००. बाहेरगावी राहावं लागलं आणि ९६,००० खर्च झाले, तरी एकूण खड्डा ६२,००० चा. घरून ये-जा करता आली तर खड्डा नाहीच, उलट थोडे हातात राहतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. संस्था म्हणते तसे २२,००० खरोखर पहिल्या महिन्यापासून हातात आले, तर खासगी वाटेचा खड्डा २९,००० वर येतो आणि अप्रेंटिसशिप बाहेरगावी करावी लागली तर ती वाट आयटीआयपेक्षा थोडी पुढे निघते. मी उलटं गणित मांडून पाहिलं: दोन्ही वाटा समान व्हायला हातात साधारण २०,६०० यावे लागतात. म्हणजे तुमचा सगळा निर्णय त्या एका तोंडी आकड्यावर उभा आहे. तो आकडा ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, असेल तर पीएफ वगैरे जाऊन हातात कमी येईल. शिवाय अशी ‘नक्की नोकरी’ पुष्कळदा ठेकेदाराकडची ट्रेनी म्हणून असते.

त्यातही एक गोष्ट कुणी तुमच्या लक्षात आणून दिलेली दिसत नाही. कोर्स संपेल तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा असेल. बहुतेक कंपन्या आणि डीलरची वर्कशॉप अठरा पूर्ण झाल्याशिवाय नोकरीवर घेत नाहीत. म्हणजे कोर्स संपल्यावर तो कित्येक महिने घरी आणि हप्ता मात्र चालू. हे एक कारणसुद्धा मला नाही म्हणायला पुरेसं आहे. दोन वर्षांची आयटीआय संपते तेव्हा तो अठराचा झालेला असतो.

आयटीआयमध्ये तुमच्या कामाचे दोन मुख्य ट्रेड आहेत. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटर व्हेईकल, ज्याला सगळे एमएमव्ही म्हणतात, तो दोन वर्षांचा. मी एमएमव्ही पहिल्या पसंतीला टाकायला सांगेन. वर्ष जास्त जातं, पण दोन वर्षांची आयटीआय झाली की पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एक वर्षाच्या ट्रेडने ही सोय मिळत नाही. सोळाव्या वर्षी मुलाला पुढची इयत्ता नकोशी वाटते, विसाव्या वर्षी हवीशी वाटू शकते. ते दार उघडं राहू द्या. मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा ट्रेडही काही ठिकाणी आहे. जवळ असेल तर फॉर्ममध्ये तोही टाका. प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतात. गणित-विज्ञानासह दहावी पास असणं पुरतं, पण गुणवत्ता यादी लागते, म्हणून तालुक्याच्या आयटीआयबरोबर सोलापूर आणि आसपासचे पर्यायही भरा. फेऱ्या अनेक असतात, पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घाबरून पुण्याची फी भरू नका.

अप्रेंटिसशिपला लोक ‘फुकटात राबवून घेतात’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. १९६१ च्या कायद्याने तो लेखी करार असतो, कामावर दुखापत झाली तर भरपाईचा हक्क असतो, आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. एसटीची विभागीय कार्यशाळा प्रत्येक विभागात आहे, आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा. शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती विभागवार निघतात. तिथे वर्षभर जुन्या-नव्या गाड्यांचं एअर ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, कमान-पाटे असं सगळं हाताखालून जातं. वर्ष संपल्यावर एसटी कायम करेलच असं नाही, कायद्याने तिच्यावर तसं बंधन नाही, म्हणून ती आशा हिशेबात धरू नका. विजेच्या बसही बघता बघता वाढल्या आहेत. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर ‘ई-शिवाई’ धावली. शहरांतल्या अनेक ई-बस तर खासगी कंपन्यांच्या मालकीच्या असतात आणि त्यांची देखभालही त्याच कंपन्या करतात. पुढची भरती सरकारी कार्यशाळेपेक्षा अशा कंपन्यांत आणि मोठ्या डीलरांकडे जास्त होईल असं मला वाटतं. तिथेही आयटीआयचं प्रमाणपत्र ओळखतात.

पुण्याच्या संस्थेला एकच प्रश्न विचारा: या डिप्लोमाला एनसीव्हीईटीची, म्हणजे व्यावसायिक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची, मान्यता आहे का, आणि कोणत्या पातळीची? असेल तर लेखी द्या म्हणावं. मान्यता असेल तर कौशल्य कर्जासाठी बँकेतही विचारता येतं. जुलै २०२४ मध्ये त्या योजनेची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेली आणि त्याला तारण लागत नाही. ज्या कोर्सला बँक कर्ज देत नाही आणि काउंटरवरचा फायनान्सवाला पाच मिनिटांत देतो, त्याबद्दल मला काळजी वाटते.

खासगी प्रशिक्षणावर खर्च करूच नये, असं माझं म्हणणं नाही. आयटीआय आणि अप्रेंटिसशिप झाल्यावर, स्वतःच्या पगारातून, स्कॅनर-डायग्नोसिसचा किंवा हाय-व्होल्टेज बॅटरीचा छोटा कोर्स त्याने केला तर मी पाठ थोपटेन. तेव्हा तो एकोणीस-विसाचा असेल, आपल्याला काय येत नाही हे त्याला कळलेलं असेल, आणि कर्ज घ्यायचंच झालं तर त्याच्या नावावर असेल.

मिस्टरांचा एफडीचा मुद्दा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशातून जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. ही मोठी मदत आहे. पण वसतिगृह, मेस, प्रवास, पुस्तकं त्यात येत नाहीत, आणि मुलीने दुसरं काही शिकायचं ठरवलं तर माफी लागूच होणार नाही. मुलगी चार वर्षांत बारावीत जाईल. मुलाचा खर्च चढला की मुलीच्या पैशाला हात लागतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे आणि मला ते फार लागतं. शिवाय तुमच्या घरात अडीअडचणीला बाजूला ठेवलेला दुसरा एक रुपयाही तुम्ही लिहिलेला नाही. तुमच्याकडे जी काही गंगाजळी आहे ती हीच एफडी. तिला हात लावू नका.

त्याऐवजी हप्त्याच्या ६,८०० पैकी जे खरोखर बाजूला निघत असतील, समजा ३,०००, त्याची आरडी काढा. दोन वर्षांत ७२,००० आणि वर व्याज. आयटीआयचा खर्च त्यातूनच भागेल. मुलाला एक चांगली सॉकेट पान्यांची पेटी, मल्टीमीटर आणि पायाला सेफ्टी बूट घेऊन द्या. स्वस्तातला पाना बोल्टचे कोन खातो आणि हात सोलतो, तिथे काटकसर नको. रविवारी ओळखीच्या ट्रक गॅरेजमध्ये मेस्त्रींच्या हाताखाली जाऊ द्या. फक्त गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय, हे मेस्त्रींना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. वीस पूर्ण झाली की जड वाहनाच्या लायसन्सचं बघा. वर्कशॉपमध्ये गाडी स्वतः ट्रायलला नेता येणाऱ्या मेकॅनिकची किंमत वेगळी असते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. तुमच्या घराचं तीन चतुर्थांशहून अधिक उत्पन्न रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या एका माणसावर आहे. मिस्टरांच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा काढलेला आहे का? वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत, पन्नासच्या आत वय असेल तर काढता येतो. हे दोन्ही याच आठवड्यात करा, आणि त्यांच्या वयाला झेपणाऱ्या हप्त्यात एखादी साधी टर्म पॉलिसीही बघा.

राहिले ते सीटचे ५,०००. संस्थेला लेखी अर्ज देऊन परत मागा, पावतीची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. पावतीवर ‘ना परतावा’ लिहिलं असेल तरी मागा. समजा नाहीच मिळाले, तर ते गेले असं समजा. पाच हजार बुडू नयेत म्हणून साडेतीन लाखांच्या मागे जाऊ नका. आणि कर्जाच्या फॉर्मवर आधीच सही केली असेल, किंवा खात्यातून हप्ता कापायच्या ई-मँडेटला ओटीपी दिला असेल, तर आजच बँकेत जाऊन तो मँडेट रद्द करून घ्या आणि कर्ज नको असल्याचं फायनान्स कंपनीला ईमेलवर कळवा.