कूलरसमोर कागद का रुसतो? : उन्हाळी जपानी कलावर्गांविषयी वाचकांचे प्रश्न

नागपुरातल्या उन्हाळी छंदवर्गांच्या यादीत ओरिगामी (कागदाच्या घड्यांची कला), शिबोरी (कापड बांधून रंगवणं), मांगा (जपानी चित्रकथा) ही नावं आता नवलाची राहिलेली नाहीत. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. जागेअभावी पत्रं थोडी आटोपती केली आहेत.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. घराजवळच्या वर्गाच्या पत्रकात दहा दिवसांत दहा जपानी कला असं लिहिलंय : ओरिगामी, सुमी-ए, शिबोरी, इकेबाना (पुष्परचना), किंत्सुगी (फुटकी भांडी सोनेरी रेघांनी जोडणं), मांगा वगैरे. घालावं का? – एक आई, धरमपेठ

दहा दिवस, रोज दीड तास म्हणजे एकूण पंधरा तास. त्यातले सामान मांडण्या-आवरण्यात तीन तरी जातात. उरलेल्या वेळात दहा कला म्हणजे दहा पदार्थांचा एकेक घास. पोट भरत नाही आणि चवही कळत नाही. सात वर्षांच्या मुलीसाठी ओरिगामी आणि सुमिनागाशी (पाण्यावर तरंगत्या शाईचे ठसे) एवढ्या दोनच गोष्टी पुरे, फार तर जोडीला शिबोरीचा एक रुमाल. सुमी-ए, म्हणजे शाई आणि कुंचल्याचं चित्रण, नऊ-दहानंतर बरं. त्याआधी कुंचला उभा धरण्यातच मूल कंटाळतं.

वर्गात विचारायचं ते हे : एका शिक्षकामागे मुलं किती? आठ-दहाच्या वर असतील तर घड्या बघायला कोणी पोचत नाही. एका मुलाला एका दिवशी कागद किती मिळतात? एकच मिळणार असेल तर चूक करायची सोयच नाही. आणि वर्ग सुटतो किती वाजता? साडेसात ते नऊ उत्तम. अकराला सुटणारा वर्ग मे महिन्यात नकोच.

मुलगा अकरा वर्षांचा. ओरिगामीतला क्रौंच पक्षी घरी करून बघतो, पण घडी बसतच नाही, उघडून येते. चोच तर दरवेळी बोथट. कागद चांगला महागाचा आणलाय. – त्रिमूर्तीनगर

कागद महागाचा असला तरी तो कूलरसमोर ठेवलाय का ते आधी बघा. कूलरची हवा दमट. कागद ओल शोषतो, मऊ पडतो आणि नखाने कितीही दाबलं तरी घडी पुन्हा श्वास घेतल्यासारखी वर येते. शिवाय ओलीने कागद सगळीकडे सारखा फुगत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो, त्यामुळे सकाळी कापलेला अचूक चौकोन दुपारी चौकोन राहत नाही. उलट कूलर नसलेल्या कोरड्या खोलीत घोटीव कागदाचा रंग घडीवर तडकतो. उपाय साधा आहे. कागद पिशवीत बंद ठेवायचा, लागेल तेवढाच काढायचा आणि घड्या घालण्याच्या तासाभरात कूलरच्या पंपाचं बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा.

आता चोच. बहुतेक वेळा चूक शेवटी नसते, पहिल्या दोन मिनिटांत असते. ए-फोर कागदातून चौकोन काढला असेल तर तो २१ सेंमीचा हवा. दोन्ही कर्णांवर घडी घालून टोकं तंतोतंत जुळतात का ते बघा. इथला दीड मिलिमीटरचा फरक मानेपर्यंत पोचतो तेव्हा दिसण्याइतका होतो. ७०–७५ जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स कागद शिकायला चालतो, पण चौकोन १५ सेंमीपेक्षा लहान करू नका. शेवटच्या घड्यांत एवढे थर जमतात की लहान कागदात टोक फुटतं.

चौकोनी पाया झाला की उघडं टोक स्वतःकडे ठेवायचं आणि दोन्ही कडा मधल्या रेषेकडे आणायच्या. इथे मुलं कडा रेषेला अगदी चिकटवतात, तीच ती चूक. दोन्ही बाजूंना केसभर, अर्धा मिलिमीटर, जागा सोडा. पुढे मान अरुंद करताना कागदाच्या जाडीला ती लागते. जागा नसली की थर एकमेकांवर चढतात आणि टोक वळतं. मग वरचा त्रिकोण खाली दुमडून उलगडायचा, तिन्ही घड्या दोन्ही दिशांनी मोडून घ्यायच्या आणि मगच वरचा सुटा थर, म्हणजे पाकळी, वर उचलायची. पाकळी उचलताना कागद ओढू नका. कडा आपणहून आत येतात, त्यांना फक्त वाट दाखवायची. मान आणि शेपूट थर उघडून आतून उलटवायचे असतात, बाहेरून वाकवायचे नसतात.

हे जमत नसेल तर एक आठवडा काबुतो करू द्या, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण. वर्तमानपत्राचं पान पूर्ण उघडून त्यातून निघेल तेवढा मोठा चौकोन घेतला की ते डोक्यावर बसतं. जपानमध्ये ५ मे हा बालदिन असतो. त्या दिवशी घरात शिरस्त्राण मांडायची आणि बाहेर कागदी किंवा कापडी कार्प मासे उडवायची रीत आहे. आपल्या सुट्टीत तारीख नेमकी सापडते.

सुमिनागाशीत रंग तरंगतच नाही, तळाशी बसतो. वर्गात छान झालं होतं, घरी पोस्टर कलर वापरले. – महाल

पोस्टर कलरमधले रंगकण जड, ते बुडणारच. फाउंटन पेनची शाई नेमकी उलट वागते, पाण्यात विरघळून पसरते. या कामाला सुमी शाई लागते. काजळी आणि सरस यांची ही शाई वडीच्या रूपात मिळते, घासायचा कंटाळा असेल तर पातळ शाईची बाटलीही चालते.

सुमारे ३० × ४० सेंमीचा ट्रे घ्या, पाणी ३ सेंमी. भरल्यावर हालचाल थांबेपर्यंत थांबा. मग वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून एका टोकाकडून दुसरीकडे ओढा, तरंगणारी धूळ आणि तेलकटपणा निघून जातो. ही पायरी बहुतेक वर्गांत गाळली जाते, आणि मग ‘आज जमत नाही’ म्हणून पाण्याला दोष देतात.

दोन बारीक कुंचले घ्या. एकात शाई. दुसऱ्यात अर्धी वाटी पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब मिसळलेलं पाणी. शाईच्या कुंचल्याचं फक्त टोक पाण्याला टेकवायचं, थेंब वरून टाकायचा नाही. पडलेला थेंब पृष्ठभाग फोडून खाली जातो, टेकवलेला पसरतो. मग त्याच वर्तुळाच्या मधोमध साबणाचा कुंचला टेकवा, शाई कडेला सरकते आणि मधे स्वच्छ गोल उघडतो. पुन्हा शाई, पुन्हा साबण, असं वीस-तीस वेळा केलं की झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं जमतात. आता हलकी फुंकर. इथे कूलरचं तोंड ट्रेकडे असेल तर फुंकर मारायची गरजच उरणार नाही, सगळं एका कोपऱ्यात गोळा होईल. ट्रे जमिनीवर, भिंतीच्या आडोशाला ठेवा.

साबण जास्त झाला की सगळा पृष्ठभाग मरतो. नवी शाई पसरत नाही, टिंबासारखी बसून राहते. पाणी बदला, ट्रे नीट धुवा.

कागद हातकागद किंवा राइस पेपर हवा. झेरॉक्सच्या कागदाला खळीसारखा थर दिलेला असतो, त्यावरून शाई धुऊन जाते. कागद ट्रेपेक्षा दोन-तीन सेंमी लहान ठेवा. समोरासमोरचे दोन कोपरे धरून त्याला पोट द्या, आधी पोट टेकवा आणि मग टोकं सोडा. सरळ थापला तर खाली हवा अडकते आणि ठशात पांढरा डाग उरतो. दोन-तीन सेकंदांत उचला. रद्दीवर आडवा वाळवा.

शिबोरीच्या वर्गात मुलीने केलेला टी-शर्ट पहिल्याच धुण्यात फिका पडला. दुसऱ्या मुलींचे चांगले राहिले. फसवणूक तर नाही ना? – मनीषनगर

फसवणूक म्हणायची घाई नको. आधी आतली चिठ्ठी वाचा. त्यावर पॉलिएस्टर असेल तर उत्तर तिथेच मिळालं, कारण वर्गात वापरतात तो रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताला धरतो, पॉलिएस्टरला नाही.

कापड पूर्ण सुती असेल तर कारणं तीन. एक, खळ काढली नव्हती. कोरं कापड, मग ते गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेलं मांजरपाट असो की नवा टी-शर्ट, आधी गरम पाण्यात साबणाने धुवायचं आणि फॅब्रिक कंडिशनर लावायचा नाही. दोन, सोडा चुकला. लागतो धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. सोडा अ‍ॅशची पूड असेल तर लिटरमागे साधारण ४० ग्रॅम, घड्या घालून बांधलेलं कापड त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं. तीन, आणि आपल्याकडे हेच सर्वांत जास्त घडतं : कापड लवकर वाळलं. हा रंग ओलाव्यातच धाग्याला पक्का होतो. पंचेचाळीस अंशांत बाहेर ठेवलेलं कापड अर्ध्या तासात कडक होतं आणि रंगाचं काम तिथेच थांबतं. रंग घातल्यावर लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठ ते बारा तास सावलीत ठेवायचं. उष्णता रंगाच्या फायद्याची आहे, नुकसान करतं ते वाळणं.

सोडा मिसळलेला रंग काही तासांत निकामी होतो, उन्हाळ्यात आणखी लवकर. कालचा उरलेला रंग आज वापरला असेल तर काहींचे टी-शर्ट चांगले आणि काहींचे फिके का, हे तुम्हाला कळलंच असेल.

धुताना कापड बांधलेलंच गार पाण्याखाली धरायचं, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येऊ लागलं की गाठी सोडायच्या आणि शेवटी गरम पाणी. आधी सोडलं तर पांढऱ्या जागेवर रंग उतरतो. रंगाची पूड मोठ्यांनीच कालवावी, नाकातोंडाला मास्क लावून. जपानच्या नागोया शहरातल्या अरिमात्सु भागात सतराव्या शतकापासून हा धंदा चालत आला आहे. तत्त्व आपल्या बांधणीचंच, पण तिथे नुसतं बांधत नाहीत. फळ्यांत दाबणं, नळीवर गुंडाळून चुणणं असे कितीतरी प्रकार आहेत.

नातवाला ‘मांगा’च्या वर्गाला घातलंय. मोठ्या डोळ्यांची पोरं काढतो नुसती. याला कला म्हणायचं का? – एक आजोबा, सक्करदरा

आजोबा, डोळे काढू द्या, पण आठ दिवस डोळेच काढत असेल तर वर्ग कच्चा आहे. मांगा म्हणजे चेहरा नाही, चौकटींतून सांगितलेली गोष्ट आहे. त्याला चार चौकटींची ‘योनकोमा’ करायला सांगा : पहिलीत सुरुवात, दुसरीत तीच गोष्ट पुढे, तिसरीत अनपेक्षित वळण, चौथीत शेवट. तिसरी चौकट जमणं हीच खरी परीक्षा. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, पण नातवाने मराठीत लिहावं आणि डावीकडूनच चौकटी मांडाव्यात. संवाद एका दिशेने आणि चित्रं उलट दिशेने असा घोटाळा बऱ्याच मुलांचा होतो. आधी फुग्यातला मजकूर लिहून मग त्याभोवती फुगा काढायचा. उलट केलं की शब्द कोंबावे लागतात. मराठी मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा जास्त लागते, हे छापील नमुने बघून शिकलेल्या मुलांच्या लक्षात येत नाही.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मुलांकडून कामिशिबाई (चित्रांची कार्डं दाखवत गोष्ट सांगणं) करून घ्यायची आहे. चित्रांमागे मजकूर लिहिला, पण प्रयोगात सगळी गल्लत झाली. – खामला

गल्लत होणारच, कारण तुम्ही प्रत्येक चित्राच्या मागे त्याच चित्राचा मजकूर लिहिलात. कामिशिबाईत, म्हणजे कागदी नाटकात, गठ्ठ्यातलं पहिलं चित्र लोकांकडे असतं तेव्हा सांगणाऱ्यासमोर शेवटच्या कार्डाची पाठ असते. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कार्डामागे जातो. पहिलं चित्र ओढून मागे ठेवलं की त्याची पाठ समोर येते, म्हणून दुसऱ्याचा मजकूर पहिल्यामागे, तिसऱ्याचा दुसऱ्यामागे. लिहिण्याआधी पेन्सिलीने आकडे घाला आणि एकदा कोरी फेरी करून बघा.

मुलांसाठी आठ कार्डं पुरतात. आकार साधारण २६ × ३८ सेंमी, कागद निदान २५० जीएसएम, नाहीतर ओढताना वाकतो. रेषा जाड स्केचपेनच्या, मागच्या रांगेतून दिसतील अशा. बारीक नक्षी वाया जाते. कार्ड पाहणाऱ्याच्या डावीकडे ओढलं जातं, त्यामुळे पुढे निघालेलं पात्र डावीकडे तोंड करून काढलं की ते चालल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यांत मजेची युक्ती म्हणजे अर्धं कार्ड ओढून थांबणं. झाडामागून शेपूट दिसली, वाघ अजून दिसला नाही, तेवढ्यात पोरांचा आरडाओरडा सुरू होतो. तेव्हा चित्र काढतानाच ठरवा, अर्धं ओढून कुठे थांबायचं.

१९३० च्या दशकात जपानच्या गल्ल्यांत सायकलवर चौकट बांधून माणसं फिरत, लाकडी ठोकळे वाजवून पोरं जमवत आणि गोड खाऊ विकून पोट भरत. खेळ फुकट, खाऊ विकत. कोकणातल्या पिंगुळीच्या, चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथीवाल्यांची पोथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ओळखीचं वाटेल. तुमच्या प्रयोगात ठोकळ्यांऐवजी चिपळ्या वाजवायला हरकत नाही.

मुलाने किंत्सुगीने जोडलेली वाटी आणली, सोनेरी रेघा छान दिसतात. त्यात वरण वाढावं का? आणि मे महिन्यात कोकेदामा शिकवणार आहेत, ते जगेल का? – प्रतापनगर

वरण नको. मुलांच्या वर्गात वापरतात तो दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद आणि सोनेरी पूड. गरम, आंबट पदार्थांसाठी ते नाही. शोभेला ठेवा. खऱ्या किंत्सुगीत उरुशी झाडाचा चीक वापरतात, तो दमट पेटीत आठवडेच्या आठवडे मुरवून पक्का करतात आणि शेवटी सोन्याची भुकटी घालतात. कच्चा चीक अंगाला लागला तर फोड येतात. आपल्याकडे बिब्बा उततो ना, तोच प्रकार. बिब्बा आणि उरुशी एकाच कुळातले. म्हणून कोणी ‘अस्सल उरुशी’ मुलांच्या हाती देणार म्हणत असेल तर नकार द्या.

कोकेदामा, म्हणजे शेवाळ गुंडाळलेला मातीचा गोळा, मे महिन्यात नाही जगणार. दोन दिवसांत वरचं शेवाळ तपकिरी होतं आणि मूल रडतं. जुलैत करा, तेव्हा शेवाळ भिंतीवर फुकट मिळतं. आत्ता बहावा फुललाय, त्याची फांदी घेऊन इकेबाना करा. भांडं २४ सेंमी रुंद आणि ६ सेंमी खोल असेल तर दोन्हींची बेरीज ३०, तिची दीडपट म्हणजे ४५ सेंमीची मुख्य फांदी. दुसरी तिच्या पाऊणपट, ३४ च्या आसपास. तिसरी दुसरीच्या पाऊणपट, २५. देठ बादलीत पाण्याखाली बुडवून तिरपे कापायचे, नाहीतर देठात हवा शिरते आणि बहावा दुपारपर्यंत मान टाकतो. फांद्या रोवायची ती काट्यांची चकती, केन्झान, टोकदार असते. ती भांड्यात ठेवणं आणि काढणं मोठ्यांनीच करावं.