नागरी सुविधा केंद्रात हात धुण्याची, मास्कची सवय कशी लागेल?

क्षेत्रीय कार्यालयाच्या सुविधा केंद्रात फलक लावूनही कोणी हात धुत नाही, मास्क हनुवटीवरच असतो, असं तुम्ही लिहिलंय. फलक मोठा करून फरक पडणार नाही. आधी मांडणी बदला.

हात धुण्याची जागा दारातच, टोकन घेण्याच्या आधी हवी. २०० लिटरची टाकी, पायाने दाबायचा नळ, आणि सांडपाण्याचा पाइप थेट गटाराला. पाइपऐवजी बादली ठेवली की ती दुपारपर्यंत वाहते, चिखल होतो, लोक वळसा घालून आत जातात. एकाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी लागतं, त्या हिशेबाने टाकी भरा. झाकण घट्ट हवं आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासायलाच हवी, नाहीतर तिथेच डेंग्यूचे डास वाढतील. साबणाची वडी विरघळते किंवा नाहीशी होते. पातळ साबणाची बाटली तारेने बांधून ठेवा.

सगळ्यात जास्त फसतं ते साबण भरण्यात, कारण ते काम कुणाच्याच नावावर नसतं. सकाळी १०, दुपारी १ आणि ४ अशा वेळांपुढे सही करायचा कागद तिथेच टांगा. ज्याची सही, त्याच्याकडेच साबणाच्या कपाटाची किल्ली.

मास्क खाली का येतो, ते खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहून बघा. काचेपलीकडे ऐकू जात नाही, म्हणून नागरिक मास्क ओढून फटीला तोंड लावतो. इथे दम देऊन काही होत नाही. दोन्ही बाजूंना छोटा माइक-स्पीकर बसवा, कागद सरकवायची फट मेजाला लागून ठेवा, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी बाहेर लावा. आतल्या टेबलावर ओला स्पंज ठेवा, म्हणजे थुंकी लावून पावत्या उलटणं थांबेल. कर्मचाऱ्याच्या नाकावर मास्क नसेल तर समोरचा लावणार नाही.

रांगेचे गोल उन्हात आखले तर सगळे सावलीत दाटीने उभे राहणार. मिळकतकराच्या सवलतीची मुदत संपत येते तेव्हा हे हमखास होतं. आधी मांडव घाला, मग गोल आखा. आत एसी बंद, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या.

कठडे, मेज, पेन पुसायला ०.१ टक्का द्रावण पुरतं: ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) २० मिली, पाणी ९८० मिली. आधी धूळ पुसा, मग द्रावण लावून दहा मिनिटं राहू द्या. रोज ताजं करा. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडात ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. माणसांवर फवारणी तर अजिबात नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०२० मध्ये तसंच सांगितलं होतं.

दंडाची पावती शेवटचा उपाय समजा. १८९७ च्या प्लेगात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या सैनिकांनी घरं धुंडाळली, तेव्हा पुण्यात लोक रोगी लपवू लागले होते. आजही ताप लपवला जातोच, आणि त्याचं मोठं कारण कापला जाणारा पगार आहे. कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक यांना आजारपणाची पगारी रजा मिळेल, असा लेखी आदेश साहेबांकडून पहिल्याच आठवड्यात काढून घ्या, आणि तो त्यांच्या हजेरीपटाशेजारी लावा.