टीबीची लस मूत्राशयाच्या कॅन्सरवर कशी चालते? दाहामुळे तर कॅन्सर वाढतो ना?

तुमच्या काकांच्या मूत्राशयात दर आठवड्याला बीसीजी, म्हणजे टीबीची लस, सोडतात आणि तुम्ही वाचलंय की दाहाने (इन्फ्लमेशनने) कॅन्सर वाढतो. दोन्ही खरं आहे. मी ठाण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. म्हणून उपचारांवर बोलत नाही, आत काय चालतं तेवढं सांगतो.

आपल्या पेशींमध्ये टोल-लाइक रिसेप्टर (टीएलआर), म्हणजे जंतूंच्या खुणा ओळखणारी प्रथिनं, जन्मापासून असतात. माणसात त्यांचे दहा प्रकार. जंतूच्या भिंतीचा तुकडा, त्याचा डीएनए अशा ढोबळ खुणा त्यांना कळतात. आपल्याच मेलेल्या पेशींतून सांडलेल्या मालानेही ते चेततात. खूण पटली की एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होतं आणि दाह सुरू होतो.

खरी गोम काळाची आहे. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिला की दाह धुमसत राहतो. पेशींना 'वाढा, मरू नका' हाच निरोप मिळत राहतो, आणि गाठीला ते फावतं. वाल्डेनस्ट्रॉम या रक्ताच्या दुर्मीळ कॅन्सरमध्ये तर जंतूही लागत नाही. सुमारे ९० टक्के रुग्णांत रिसेप्टरपासून एनएफ-कप्पा-बीपर्यंतच्या याच साखळीतलं मायडी८८ प्रथिन बिघडलेलं असतं, अडकलेल्या डोअरबेलसारखं वाजतच राहतं.

बीसीजीचं तसं नाही. कॅनडातल्या डॉक्टर मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार प्रसिद्ध केला. दुबळे केलेले, पण जिवंत जंतू नळीने आत सोडून साधारण दोन तास ठेवतात. त्यांची भिंत टीएलआर-२ आणि टीएलआर-४ ओळखतात, डीएनए टीएलआर-९. पांढऱ्या पेशी धावून येतात, मागून त्यांच्यातल्याच टी पेशी, आणि गाठीच्या पेशी त्या तडाख्यात सापडतात. दाह जोरदार, पण एकाच जागी आणि मोजक्या काळापुरता. त्याचा मारा मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरता असतो, म्हणून स्नायूत न शिरलेल्या कॅन्सरलाच हा उपचार देतात.

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी 'इम्युनिटी वाढवणारा' रस मिळतो. कुठला रिसेप्टर, कुठल्या पेशीतला, किती दिवस, यातलं काहीच त्यात ठरत नाही, तेव्हा मला तो शब्दच पोकळ वाटतो. काका असलं काही घेत असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि बीसीजीनंतर लघवीला जळजळ, थोडी कणकण नेहमीची. पण ताप चढा राहिला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा, कारण आत सोडलेले जंतू जिवंत असतात आणि क्वचित रक्तात शिरतात.