लेकरांचं लोह, झिंक आणि ‘अ’ जीवनसत्त्व: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: लेकरू चौदा महिन्यांचं आहे. आशाताईंनी आयर्नची बाटली दिली. आठवड्यातून दोनदा देते, पण शी काळी होते अन् पुढचे दात काळपट दिसायला लागलेत. सासूबाई म्हणतात, औषध उष्ण पडलं, बंद कर.
(एक आई, केज, जि. बीड)

उत्तर: बंद करू नका, ताई. अंगात न मुरलेलं लोह शीवाटे बाहेर पडतं, त्याचाच तो रंग. डांबरासारखी चिकट, घाण वासाची किंवा रक्त असलेली शी झाली, तर मात्र दवाखाना गाठा. दातांवरचा डाग वरवरचा असतो. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर दोन घोट पाणी पाजा आणि ओल्या फडक्यानं दात पुसा.

रंगापेक्षा मापाकडे लक्ष द्या, चूक बहुधा तिथं होते. सरकारी सिरपच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं. म्हणजे ५० मिलीची बाटली जवळपास सहा महिने जायला हवी. महिनाभरात संपली, तर घरात कुणीतरी चहाच्या चमच्यानं पाजतंय. तो चमचा ५ मिलीचा, म्हणजे डोस पाचपट. वर्षभर पुरली, तर निम्मे डोस बुडालेत. आठवडी बाजाराचा दिवस आणि त्यानंतरचा तिसरा दिवस असे दोन वार ठरवून टाका, विसर पडत नाही.

औषध जेवणानंतर द्या, रिकाम्या पोटी मळमळतं. त्याच्या आगेमागे तासभर चहा किंवा दूध नको. आपल्याकडे चहात भाकरी, नाहीतर टोस्ट बुडवून लेकराला भरवायची सवय आहे. चहा अन्नातलं लोहही अडवतो, तेव्हा एवढ्या लहान मुलाला तो देऊच नका. वरणावर लिंबू पिळलं, पेरूची फोड दिली, तर उलट लोह जास्त मुरतं. अंगात ताप असेपर्यंत डोस थांबवा, उतरला की पुन्हा सुरू करा. दंडघेर (दंडाच्या मधोमध मोजलेला घेर) ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. तिथं आधी त्याचे उपचार, लोह डॉक्टर सांगतील तेव्हा.

हा डोस रक्त कमी होऊ नये म्हणून आहे, कमी झालेलं भरून काढायला तो पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून लेकरू फिकट दिसत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते ११ ग्रॅमपेक्षा कमी आलं, तर डोस रोजचा होतो आणि वजनावर ठरतो. ७ च्या खाली आलं, तर थेट मोठं रुग्णालय. एक वर्ष झालं की जंतनाशकही लागू होतं: वर्षातून दोनदा, दोन वर्षांपर्यंत अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम) चुरून आणि पुढे अख्खी.

बाटली लेकराच्या हाती लागेल अशी ठेवू नका. भरल्या बाटलीत १००० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या मुलानं ती तोंडाला लावली, तर जिवावर बेतू शकतं. उलट्या होतात, मग काही तास मूल बरं वाटतं आणि त्यानंतर एकदम ढासळतं. त्यामुळे ‘आता खेळतोय की’ म्हणून थांबू नका.

प्रश्न: दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक डोस राहिला. आता दोन एकदम दिले तर चालतील का?
(एक वडील, धारूर तालुका, जि. बीड)

उत्तर: नाही. दोन डोसांत किमान सहा महिने जायलाच हवेत. हे जीवनसत्त्व यकृतात साठतं, जादा झालं की उलट्या आणि डोकेदुखी होते, तान्ह्या बाळाची डोक्यावरची टाळू फुगते. राहिलेला डोस आता द्या आणि पुढचा त्यानंतर सहा महिन्यांनी. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर १ मिली (१ लाख एकक), दुसरा १६ ते १८ महिन्यांत २ मिली आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ मिली, असे एकूण नऊ. माता-बाल संरक्षण कार्ड टोळीबरोबर न्या. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही डोस मिळतो, फक्त आधीची तारीख दाखवता आली पाहिजे.

प्रश्न: नातीला जुलाब लागले होते. दोन दिवसांत थांबले, म्हणून झिंकच्या गोळ्या बंद केल्या. ओआरएस चमचाभर ग्लासात टाकून देत होतो. काही चुकलं का?
(एक आजी, सेलू, जि. परभणी)

उत्तर: आजी, दोन्ही बदला. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस पूर्ण करायचं. जुलाबात शरीरातलं झिंक वाहून जातं. ते भरून निघालं की आतड्याचं अस्तर सांधतं आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागायची शक्यता कमी होते. उरलेल्या गोळ्यांचा खरा फायदा तोच. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमच्यात थोडं उकळून गार केलेलं पाणी घ्या (अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईचं दूध), गोळी त्यात विरघळते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर पुन्हा द्या. आयर्नचं सिरप त्याच वेळी पाजू नका, दोन्ही एकमेकांना अडवतात.

ओआरएस अंदाजानं करायची वस्तू नाही. २०.५ ग्रॅमची पुडी असेल, तर ती अख्खी १ लिटर पाण्यात. कमी पाण्यात टाकली, तर मिठाचं प्रमाण वाढून जुलाब आणखी वाढतात आणि रक्तात सोडियम चढतं. घरात लिटरची बाटली असतेच, तिनंच मोजा. लहान पुडी असेल, तर तिच्यावर लिहिलेलं पाणी घ्या. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, घोटघोट पाजा. डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, पिईना किंवा शीत रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. उन्हाळ्यात टँकरचं पाणी उकळल्याशिवाय पुडीतही वापरू नका.

प्रश्न: सारखी सर्दी होते म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ टॉनिक सुचवलंय. द्यावं का?
(एक शिक्षक, उदगीर, जि. लातूर)

उत्तर: गुरुजी, ते पैसे अंडी, शेंगदाण्याचं कूट आणि मोड आलेल्या मटकीवर घाला. ‘क’ जीवनसत्त्व रोज घेतल्यानं सर्दी होणं टळत नाही. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. तरी घ्यायचंच असेल, तर लेबलवर ‘एलिमेंटल आयर्न’चा आकडा वाचा आणि तेवढं लोह सरकारी सिरपच्या डोसात धरा. बाजारातले आयर्नचे थेंब बाजारातल्या सिरपपेक्षा बरेचदा तीव्र असतात, एका बाटलीचं माप दुसरीला लावू नका. ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब पहिल्या वर्षी रोज ४०० एकक योग्यच आहेत, पण बाटल्या मिलीला ४०० च्या असतात तशा ८०० च्याही. ६०,००० एककांची आठवड्याची पुडी रोज दिल्यानं मुलं आजारी पडल्याचं डॉक्टरांना पाहावं लागतं.

प्रश्न: मुलाला सिकलसेल आहे. आयर्न द्यावं का?
(एक आई, किनवट, जि. नांदेड)

उत्तर: आपणहून नको. इथं रक्त कमी होतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. त्यातलं लोह शरीरातच राहतं आणि रक्त चढवलं की त्यात भर पडते. डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, लोह मात्र तपासणीत कमतरता दिसली तरच. मूल नुसतं वाहक असेल (आजार नाही, फक्त त्याचा गुण अंगात आहे), तर नेहमीचा डोस चालतो. यांतलं नेमकं काय आहे, ते कार्डावर लिहून घ्या, म्हणजे नवीन आशाताई आल्या तरी बाटली चुकून हाती येणार नाही.