पत्रिकेत निमंत्रक कोण?

तुळशीची लग्ने उरकली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या बोलण्यात कार्यालय, केटरर, मेहंदी आणि मानपान हे विषय वाढू लागतात, आणि त्यांच्या आडून एक प्रश्न दर मोसमात हमखास पुढे येतो. ज्या घरात वडील हयात नाहीत, किंवा आईवडील विभक्त झाले आहेत, त्या घरच्या लग्नात आईला कोठे उभे करायचे? हळद तिने लावायची का, कन्यादानाला कोणी बसायचे, तिने कोणती साडी नेसायची, सासरची माणसे काही बोलली तर उत्तर कोणी द्यायचे? हा प्रश्न इतक्या घरांतून आणि इतक्या सारख्या शब्दांत ऐकला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. पुढची हकिकत एका मुलीची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतील बोलणे थोडक्यात आणले आहे. तिला आपण मीरा म्हणू.

मीरा 28 वर्षांची, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी. ती शाळेत असताना वडील गेले; आईने शिक्षिकेच्या पगारावर घर चालवले, मुलीला इंजिनिअर केले. लग्न दोघांच्या पसंतीचे होते, मुलगा सातारा जिल्ह्यातला, बैठक होऊन सुपारीही फुटली होती. मीरा पहिल्यांदा आली तेव्हा लॅपटॉपवर लग्नाचा अख्खा तक्ता तयार होता. सीमांतपूजनाच्या साडीचा रंग, विहिणीच्या मानाची साडी, करवलीचा ड्रेस, मुंडावळ्या मोत्यांच्या की फुलांच्या, अशी एकेक नोंद तिने चोख केली होती. "आईचे" असे शीर्षक दिलेल्या रकान्यात मात्र प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह होते.

"मॅडम, सासूबाईंनी याच्याकरवी निरोप पाठवला, की कन्यादानाला जोडपं लागतं, तर तुझे काका-काकू बसतील ना? मी सरळ सांगून टाकलं, आई बसेल, नाहीतर रजिस्टर लग्न करू."

"आणि आई काय म्हणाल्या?"

"तिला नाही विचारलं. ती नकोच म्हणणार. तिला मागं राहायची सवयच झालीये. मी तिला जांभळी पैठणी घेतली, तर ती कपाटात ठेवून स्वतःसाठी मोतिया रंगाची साडी घेऊन आली. पांढरीच म्हणा ना! म्हणून तर मला तिच्यासाठी भांडावं लागतं."

मी ज्या विचारपरंपरेत शिकले आणि ज्यावर माझा आजही विश्वास आहे, ती तक्रार घेऊन आलेल्या माणसाबरोबर त्याच्या सबंध घराकडे पाहायला शिकवते. मरे बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी दाखवून दिले होते की दोन माणसांमधला ताण त्या दोघांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. लग्नघरात हा तिसरा माणूस बहुतेक वेळा नवरामुलगा असतो. मीराचा होणारा नवरा एका भेटीला आला तो थकलेला आणि थोडा चिडलेला. "मी काय, पोस्टमन आहे," तो म्हणाला. "फरक इतकाच, की पत्रातल्या मजकुराबद्दल दोन्हीकडून बोलणी मीच खातो." मी त्याला निरोप नेणे बंद करायला सांगितले, आणि मीराला पुढच्या वेळी आईला घेऊन यायला सांगितले. मीरा म्हणाली, ती येणार नाही. आई आल्या, आणि वेळेच्या दहा मिनिटे आधी आल्या.

त्यांच्याशी मी आधी एकटीने बोलले. बराच वेळ त्या रीतीचेच बोलत राहिल्या: विहीणबाई चांगल्या आहेत, मुलगा समजूतदार आहे, आपलं काय, पोरीचं चांगलं झालं म्हणजे झालं. अशा बोलण्याला मी खोटे मानत नाही, पण अनेक वर्षे कोणी काही विचारले नाही की माणूस उत्तरेही तेवढीच ठेवतो. म्हणून मी विचारले, "हळद, कन्यादान, पैठणी सगळं क्षणभर बाजूला ठेवू. या लग्नात तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

त्यांनी पर्स उघडली आणि छापखान्यातून आलेला पत्रिकेचा नमुना टेबलावर ठेवला. पत्रिका देखणी होती. मीराच्या नावाखाली कंसात "कै. अमुक व श्रीमती तमुक यांची कन्या" असे होते, आणि खाली उजव्या कोपऱ्यात निमंत्रक म्हणून दिरांचे नाव.

"फी मी भरली, घराचे हप्ते मी फेडले, कार्यालयाच्या आगाऊ रकमेचा चेक माझ्या सहीनं गेला," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि लोकांना या म्हणून बोलावणार भाऊजी. भाऊजी वाईट नाहीत हो. पण बोलावणारी मी आहे ना?"

"हे मीराला सांगितलंत?"

"ती माझ्यासाठी आधीच एवढी भांडतेय. तिला आणखी एक भांडण कशाला देऊ?"

कन्यादानाविषयी विचारल्यावर त्यांच्या आवाजात प्रथमच धार आली. "मला ते करायचंच नाही. एक दिवस स्टेजवर बसवायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचे, आणि संक्रांतीला पुन्हा कोणी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. तो एका दिवसाचा मान मला नको. आणि ती मोतिया साडी! मला तो रंग कॉलेजात असल्यापासून आवडतो. मीराच्या बाबांनाही ठाऊक होतं."

या सबंध कामात मी सर्वांत जास्त कशावर थांबले असेन तर ते या तीन वाक्यांवर. मीराने आईची साडी पाहिली होती आणि तिचा अर्थ आईला न विचारता लावला होता. आईचा नकार गृहीत धरून तिने आईच्या वतीने लढाईही उभी केली होती. नातेवाईक परंपरेच्या नावाने जे करत होते तेच मीरा प्रेमाने करत होती: आईने कोठे बसावे हे आईला सोडून बाकी सगळे ठरवत होते. विधवा आईला मागे ठेवणारी माणसे मला नेहमी भेटतात. तिला हाताला धरून पुढे ओढणारी मुलेही अलीकडे खूप भेटतात, आणि त्यांची चूक त्यांच्या लक्षात आणून देणे अधिक अवघड असते, कारण त्यांचा हेतू निर्मळ असतो आणि त्यांची बाजू न्यायाची असते.

नंतर मीराला आत बोलावले आणि आईंना म्हटले, मघाशी जे दाखवलेत ते तिलाही दाखवा. त्यांनी पत्रिका लेकीपुढे सरकवली आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. मी मुद्दाम काहीच बोलले नाही. अशा वेळी समजावून सांगण्याचा मोह आवरणे हे या कामातले निम्मे कौशल्य आहे आणि ते मला आता बऱ्यापैकी साधले आहे असे म्हणायला हरकत नसावी. मीराने नाव वाचले, आईकडे पाहिले, पुन्हा वाचले.

"मी ही चार वेळा तपासली," ती म्हणाली. "अक्षरांचं वळण बघितलं, कागद बघितला, गणपतीचं चित्र बदलून घेतलं. हे मला दिसलंच नाही." थोड्या वेळाने तिने विचारले, "आई, अजून काय काय आहे, जे मी विचारलं नाही?"

आईंकडे उत्तर तयार होते. त्यांना विहिणींच्या पंगतीला विहीणबाईंना स्वतः आग्रह करून वाढायचे होते. आपल्या शाळेतल्या बाईंना अक्षत द्यायला स्वतः जायचे होते. हळद लावायची होती, पण सगळ्यांआधी लावायचा हट्ट नव्हता. आणि स्टेजवर फार वेळ उभे राहायचे नव्हते, कारण गुडघे दुखतात. या शेवटच्या मागणीवर दोघी हसल्या.

उरला प्रश्न विहीणबाईंचा. तो मुलांनी सोडवू नये, हे माझे ठाम मत. दोन आयांमधले बोलणे दोन आयांनीच, समोरासमोर आणि मुले जवळ नसताना करावे. आईंनी स्वतः फोन केला आणि एका रविवारी साताऱ्याला जाऊन आल्या. तेथे कळले ते असे: विहीणबाईंना त्यांच्या गुरुजींनी विचारले होते की संकल्पात नावे कोणाची घ्यायची, कन्यादानाला कोण बसणार? त्यांनी मुलाला एवढेच म्हटले होते, "त्यांच्याकडून कोण बसणार, काका-काकू का? विचारून घे." मुलाने घाईत सांगताना त्या चौकशीची अट झाली आणि मीराच्या उत्तराची धमकी. भावकी काय म्हणेल ही धास्ती विहीणबाईंना होतीच, त्यांनी ती नाकारली नाही. पण ती आईंसमोर बोलून दाखवता आल्यावर निम्मी उरली, आणि उरलेल्या निम्मीचे काय करायचे ते दोघींनी मिळून ठरवले.

येथे काही माहिती द्यायला हवी, कारण लग्नघरात "चालत नाही" हे उत्तर फार सहज दिले जाते आणि ते कोणाला चालत नाही हे कोणी विचारत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 7 नुसार वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी विवाह होतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. कन्यादान हा विवाहाच्या वैधतेसाठी अत्यावश्यक विधी नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयानेही मार्च 2024 मध्ये म्हटले आहे. शास्त्राचाच आधार हवा असणाऱ्यांना मी याज्ञवल्क्यस्मृतीकडे बोट दाखवते: कन्या देण्याचा अधिकार असणाऱ्यांच्या तिच्या यादीत वडील, आजोबा, भाऊ आणि कुळातील पुरुष यांच्यानंतर का होईना, आईचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे ज्या आईला कन्यादान करायचे आहे तिला "शास्त्रात नाही" असे सांगता येत नाही. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने पौरोहित्य शिकवलेल्या स्त्रियाही लग्ने लावतात आणि विधींचा अर्थ मराठीत सांगतात. पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची सत्यशोधक पद्धत तर 1873 पासून आपल्याकडे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. भावकीचा धाक वाटणाऱ्या घरांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते. एखाद्या गावाने जाहीरपणे केलेली गोष्ट आपल्या मांडवात करायला तितकीशी भीती वाटत नाही.

मीराच्या लग्नात कन्यादान वगळले, लाजाहोम आणि सप्तपदी केली. गुरुजींनी खळखळ केली नाही; त्यांना वेळेत आणि नीट सांगितले होते, आणि सांगायला विहीणबाई स्वतः गेल्या होत्या. पत्रिकेचा नमुना बदलून मगच ती छापली, निमंत्रक म्हणून आईंचे नाव आले. दिरांना ते आईंनीच घरी जाऊन सांगितले. त्यांना लागले, पण केटररची आणि कार्यालयाची सगळी जबाबदारी पूर्वीप्रमाणे त्यांच्याकडेच ठेवल्यामुळे ते लग्नभर यजमानाच्या उत्साहाने वावरले. सगळेच सुरळीत झाले असे नाही. आईंनी हळद लावली तेव्हा मुलाकडच्या एक आत्या उठून खोलीत गेल्या आणि जेवणापर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्यांची समजूत काढायला कोणी गेले नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. रुसण्याचा हक्क मान्य करावा, पण त्यासाठी कार्यक्रम थांबवू नये. जांभळी पैठणी मीराने सूनमुखाच्या वेळी स्वतः नेसली.

अशाच प्रश्नाने अडलेल्यांना माझे सांगणे असे. साडीचा रंग, फुलांची सजावट, संगीत ठेवायचे की नाही, आहेर स्वीकारायचा की नाही, यांवरची भांडणे चिवट झाली की त्या वस्तूंवर तडजोड शोधण्याआधी कोणाला विचारले गेले नाही ते शोधा. आईला "तुला चालेल का" असे विचारू नका, कारण आपल्याकडच्या आया त्याला "चालेल" असेच उत्तर देतात. "तुला काय आवडेल" असे विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या, एका दिवसात येणार नाही. तिने कन्यादानाला बसायचे म्हटले तर बसू द्या, नको म्हटले तर तिच्या नकाराला तिचा भिडस्तपणा समजू नका. आईवडील विभक्त असतील तर दोघांना एका व्यासपीठावर जोडप्यासारखे उभे करण्याचा आग्रह धरू नका. पत्रिकेत दोघांची नावे स्वतंत्र ओळींत छापता येतात आणि मंगलाष्टकांच्या वेळी दोघे दोन बाजूंना उभे राहिले म्हणून काही बिघडत नाही. सासरच्यांना सांगायची गोष्ट त्यांच्या बरोबरीच्या माणसाने सांगावी, होणाऱ्या जावयाने किंवा सुनेने नव्हे.

आणि हे सारे पत्रिका छापायला जाण्यापूर्वी करा. निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक अशी सगळी नावे ज्यांची आहेत त्यांना नमुना हातात देऊन वाचायला लावा, फोनवर फोटो पाठवून "ओके ना?" असे विचारू नका. मीराच्या घरी नमुन्यावर वेळेत बोट ठेवले गेले म्हणून एका छपाईत भागले. पत्रिका वाटून झाल्यावर नाव बदलायचे ठरले असते, तर प्रत्येक घरी जाऊन दिरांचे नाव का काढले याचा खुलासा आईंनाच करत बसावा लागला असता.