केबल तपासताना फडकं हातात हवं

विमानाची कंट्रोल केबल (पंख-शेपटीचे हलते भाग ओढणारी तारदोरी) कशी तपासायची, हे तू विचारलंस म्हणून सांगतो. सेस्ना १७२ या छोट्या विमानाची केबल नुसती टॉर्च मारून 'ओके' लिहू नकोस. सुती फडकं केबलभोवती धरून लांबीभर फिरव. एखादी तार तुटलेली असली की धागा अडकतो. बोट फिरवायचं नाही, तार सुईसारखी घुसते; मी एकदा भोगलंय.

७×१९ च्या, म्हणजे १९ तारांचे ७ पदर वळलेल्या केबलमध्ये १३३ तारा असतात, आणि त्या तुटतात बहुतेक पुलीवर. पण तिथेच केबल पुलीला टेकलेली असते, त्यामुळे तुटकं टोक दिसतच नाही. म्हणून कंट्रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत हलव, म्हणजे दडलेला भाग बाहेर येतो. शंका आली तर ताण सोडून केबल हळूच वाकव, तुटक्या तारा वर उठतात. पुली फिरते का तेही बघ. जाम पुली केबलला कानशीसारखी घासते.

केबल सॉल्व्हंटमध्ये भिजवू नकोस, आतलं वंगण धुऊन निघतं. पावसाळ्यात तर मग गंज आतून धरलाच समज.

ताण टेन्सिओमीटरनेच (केबलचा ताण मोजायचं उपकरण) मोज, आकडा मॅन्युअलमधला. ताण कमी-जास्त करायच्या टर्नबकलबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. टर्नबकल फिरू नये म्हणून लॉकवायर बांधून झाली की योक (कॉकपिटमधलं स्टिअरिंग) डावीकडे फिरव आणि डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर गेलं का ते डोळ्यांनी बघ. केबल उलट्या जोडल्या जातात, हसू नकोस.