आवाज येतोय, चित्र कुठाय? : व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांच्या) टीव्हीची प्रश्नोत्तरे

आजोबांचा लाकडी शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही माळ्यावरून काढलाय, वीस-पंचवीस वर्षं बंद होता. लावून बघू का? (सातारा)

प्लग आधी खाली ठेवा. इतकी वर्षं पडून राहिलेले मोठे कंडेन्सर सुकलेले असतात, एकदम २३० व्होल्ट दिले की फुटतात आणि मग घरभर तो वास. शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये घ्या, म्हणजे करंट बल्बमधून होऊनच सेटमध्ये जाईल. पेटून थोडा मंदावला तर ठीक, पूर्ण तेजाने पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर अजून छान, हळूहळू चढवता येतं, पण त्याने शॉक लागायचा थांबत नाही हे लक्षात ठेवा. कारण या सेटांना बहुतेक वेळा मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी (आतली पत्र्याची चौकट) थेट लाइनला, दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीत फेज. टेस्टर लावल्याशिवाय हात नाही. आणि पिक्चर ट्यूबच्या काचेत बंद केल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहतात, ती रबरी टोपी उगाच उचकटू नका, ते काम डिस्चार्ज करायचं माहीत असलेल्या माणसाचं.

आवाज एकदम खणखणीत, पण पडदा काळाकुट्ट. ट्यूब गेली का? (ठाणे)

सगळ्यांचा पहिला संशय ट्यूबवरच, आणि बहुतेक वेळा ती बिचारी निर्दोष निघते. आवाज येतोय म्हणजे पॉवर सप्लाय ठीक. आता खोलीत अंधार करा आणि मागच्या जाळीतून नुसतं बघा. ट्यूबच्या मानेत केशरी फिलामेंट दिसतोय का? दिसत असेल तर प्रश्न असा की ट्यूबला १५-१६ हजार व्होल्टचं ईएचटी (पडदा उजळवणारं उच्च व्होल्टेज) मिळतंय का. त्यासाठी मीटर नको, पडद्याजवळ हात न्या, हातावरची लव उभी राहिली तर ईएचटी आहे, मग दोष ट्यूबच्या बेसवरचे व्होल्टेज, ब्राइटनेसचा कंट्रोल नाहीतर व्हिडिओ स्टेजमध्ये शोधा.

लव हललीच नाही तर लाइन स्टेज (हे ईएचटी तयार करणारा भाग) बंद असू शकते. चालू सेटमधून १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी येते, आपल्या वयाच्या कानाला ती ऐकू येत नाही, नातवाला बोलवा, तो लगेच सांगेल. एलओटीजवळचा (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरजवळचा) डीवाय८०२ हा ईएचटीचा व्हॉल्व्ह बघा, त्याचा फिलामेंट एलओटीवरच्याच एखाद-दुसऱ्या वेढ्यावर पेटतो, तो मंद पेटला असेल तर लाइन स्टेज चालतेय पण हा व्हॉल्व्ह स्वतः बाद असू शकतो. तो विझलेला आणि शेजारच्या पीएल५०४ ची (लाइन स्टेजच्या मुख्य व्हॉल्व्हची) प्लेट लालबुंद झाली असेल तर लगेच बंद करा, मिनिटभरात व्हॉल्व्ह आणि मागोमाग एलओटी जातो, आणि व्हॉल्व्ह मिळेल हो, एलओटी कुठून आणणार? प्लेट लाल होते ती मुख्यतः ऑसिलेटरकडून ड्राइव्ह (त्याला चालवणारा सिग्नल) न आल्यामुळे, म्हणजे आधी ऑसिलेटरचा व्हॉल्व्ह पीसीएफ८०२ बदलून बघा. प्लेट थंडच असेल तर लाइन स्टेजचाच पीवाय८८ व्हॉल्व्ह आणि बूस्ट कंडेन्सर तपासा. मी स्वतः एकदा उत्साहात एलओटी आधी काढला होता, तीन तास गेले आणि दोष निघाला बूस्ट कंडेन्सरमध्ये.

मधोमध एकच आडवी पांढरी रेघ आहे, बाकी अंधार. (कोल्हापूर)

आधी ब्राइटनेस पार कमी करा, नाहीतर ती रेघ फॉस्फरवर कायमची भाजून निघेल. दोष सोपा आहे, व्हर्टिकल स्टेज, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग. त्याचा व्हॉल्व्ह पीसीएल८०५ बदला, त्याच्या कॅथोडवरचा कंडेन्सर बदला, हाइटचा कंट्रोल साफ करा.

पडदा उजळतो, पण नुसत्या मुंग्या. अँटेना फिरवून फिरवून थकलो. (पुणे)

अहो, अँटेनाचा काय दोष! मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं, पण तो अ‍ॅनालॉग सिग्नल आता बंद झालाय. तुमचा सेट ठणठणीत आहे, मुंग्या दिसतायत हीच त्याची खूण. सेटटॉप बॉक्सचं एव्ही आउटपुट पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) करा, पुढे आरएफ मॉड्युलेटर (एव्ही सिग्नल अँटेनाच्या चॅनलमध्ये बदलणारी डबी) लावा आणि त्याचा चॅनल ट्यूनरच्या व्हीएचएफमध्ये येतोय का बघा. जुन्या चपट्या वायरचं इनपुट ३०० ओमचं असतं, मॉड्युलेटर ७५ चा, मध्ये बलून, म्हणजे ३०० आणि ७५ ओम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लागेल. चित्र आलं आणि आवाज आला नाही तर मॉड्युलेटर चुकीच्या सिस्टिमचा आहे, आपल्याकडे चित्राच्या आणि आवाजाच्या लहरींतला फरक ५.५ मेगाहर्ट्झ. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारताना हे सांगूनच मागा.

काहीच पेटत नाही, एकही व्हॉल्व्ह नाही. फ्यूज चांगला आहे. (नाशिक)

पीने सुरू होणाऱ्या नंबरचे व्हॉल्व्ह, म्हणजे पीसीएल, पीएल वगैरे, ३०० मिलिअँपियरचे असतात आणि त्यांचे फिलामेंट एकाच माळेत, दिवाळीच्या तोरणासारखे, एक तुटला की सगळे विझतात. प्लग काढून प्रत्येकाची कंटिन्युइटी (फिलामेंट अखंड आहे का ते मीटरने) बघा, ट्यूबचा फिलामेंटही माळेतच असतो, तो शेवटी तपासा. तेवढ्यात ट्यूबच्या मानेतला आरशासारखा चकचकीत डाग पांढरा पडलेला दिसला तर मात्र आत हवा शिरलीय, ट्यूब बाद, मग बाकीचे व्हॉल्व्ह तपासत बसू नका.